गुन्हा सीरियात, खटला जर्मनीत: युनिव्हर्सल ज्युरिस्डिक्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतल्या कोब्लेंझच्या कोर्टाने एका सीरियन अधिकाऱ्याला छळासाठी जन्मठेप दिली (प्र. ५) तेव्हापासून हे प्रश्न येतायत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद मॉस्कोला पळाला त्यानंतर तर जास्तच. बरेचसे तेच तेच असतात म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवली. एखादी गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हा प्रकार नक्की आहे काय? सीरियात सीरियन माणसाने सीरियन माणसाचा छळ केला, त्यात जर्मनीच्या कोर्टाचा काय संबंध?

नेहमीचा नियम असा की गुन्हा जिथे घडला तिथलं कोर्ट खटला चालवतं, किंवा फार तर आरोपी नाहीतर पीडित ज्या देशाचा नागरिक आहे तिथलं. पण काही गुन्हे इतके भयंकर मानले जातात की त्यांच्यासाठी यातला कुठलाच संबंध लागत नाही, कुठलाही देश खटला चालवू शकतो, अट एकच की त्या देशाच्या स्वतःच्या कायद्यात तशी सोय हवी. यालाच युनिव्हर्सल ज्युरिस्डिक्शन म्हणतात, मराठीत सार्वत्रिक अधिकारक्षेत्र. जर्मनीत २००२ पासून यासाठी वेगळा कायदा आहे आणि त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की गुन्हा परदेशात घडला असला आणि जर्मनीशी काडीचा संबंध नसला तरी हा कायदा लागू.

२. पण त्यासाठी हेगचं कोर्ट आहे ना?

आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आयसीसी, २००२ मध्ये सुरू झालं आणि ते साधारणपणे सदस्य देशात घडलेले किंवा सदस्य देशाच्या नागरिकांनी केलेले गुन्हेच बघतं. सीरिया सदस्य नाही. मग एकच वाट उरते, यूएनच्या सिक्युरिटी कौन्सिलने प्रकरण तिकडे पाठवायचं, आणि मे २०१४ मध्ये तसा ठराव आला तेव्हा रशिया आणि चीनने व्हेटो मारला. विषय संपला. जर्मनी, फ्रान्स, स्वीडनची साधी देशातली कोर्टं पुढे आली ती या कोंडीमुळे, कुणाला हौस होती म्हणून नाही.

अजून एक, हेगमध्ये आणखी एक कोर्ट आहे, आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणजे आयसीजे, आणि बातम्यांमध्ये या दोघांची कायम सरमिसळ होते. आयसीजेत देश देशाविरुद्ध जातो, तिथे कुणालाही तुरुंगात पाठवत नाहीत.

३. कुठले गुन्हे यात बसतात? मल्ल्यासारखा घोटाळेबाज पकडता येईल का?

नाही, घोटाळेबाजासाठी प्रत्यार्पण असतं, तो वेगळा विषय. इथे मुख्यतः चार गोष्टी: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे (नागरिकांवर पद्धतशीर, मोठ्या प्रमाणावर हल्ला), युद्धगुन्हे आणि छळ. समुद्री चाचेगिरीही यातच येते, आणि ती यातली सगळ्यात जुनी, प्र. १४ बघा.

प्रत्येकाचा आधार वेगळा आहे हे लक्षात ठेवा. १९४९ चे जिनेव्हा करार सांगतात की गंभीर युद्धगुन्हा केलेला माणूस शोधा आणि एकतर खटला चालवा नाहीतर दुसऱ्या देशाला सोपवा. छळविरोधी करार (१९८४) पण तेच सांगतो. गंमत म्हणजे १९४८ च्या वंशसंहार करारात असं काही नाहीच, तिथे फक्त जिथे गुन्हा घडला तिथलं कोर्ट किंवा आंतरराष्ट्रीय कोर्ट एवढंच लिहिलंय. सगळ्यात मोठ्या गुन्ह्याला सगळ्यात तोकडी तरतूद.

४. याची सुरुवात कुठून झाली?

दोन नावं पुरेत. पहिलं आइकमन. ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी, १९६० मध्ये इस्रायलच्या एजंटांनी त्याला अर्जेंटिनातून उचलून आणलं, १९६१ मध्ये जेरुसलेमला खटला, १९६२ मध्ये फाशी. त्याने गुन्हे केले तेव्हा इस्रायल नावाचा देशच नव्हता, म्हणून कोर्टाने इतर आधारांसोबत युनिव्हर्सल ज्युरिस्डिक्शनचाही आधार घेतला.

दुसरं पिनोशे. चिलीचा माजी हुकूमशहा पाठीच्या ऑपरेशनसाठी लंडनला आला आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवर हॉस्पिटलातच अटक झाली. शेवटी तब्येतीच्या कारणावरून मार्च २००० मध्ये त्याला घरी जाऊ दिलं, शिक्षा कधीच झाली नाही. पण तोपर्यंत माजी राष्ट्रप्रमुखाला परदेशात अटक होऊ शकते असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ते झालं.

५. कोब्लेंझच्या केसमध्ये नेमकं काय झालं?

अन्वर रसलान हा दमास्कसमधल्या गुप्तचर खात्याच्या ब्रँच २५१ मध्ये कर्नल, चौकशी विभागाचा प्रमुख. या जागेला लोक अल-खतीब म्हणतात. २०१२ च्या शेवटी तो असदच्या राजवटीतून फुटला, विरोधकांमध्ये गेला, सीरियाबद्दलच्या जिनेव्हाच्या शांतता बोलण्यांनाही हजर होता आणि २०१४ मध्ये बर्लिनला आला. आता पुढचं वाचा. दमास्कसचे मानवाधिकार वकील अन्वर अल-बुन्नी, जे स्वतः सीरियात पाच वर्षं तुरुंगात होते, तेही तेव्हाच निर्वासित म्हणून बर्लिनला आलेले, आणि त्यांना निर्वासित केंद्रात हा माणूस दिसला. ओळखीचा चेहरा वाटला, कोण ते नंतर लक्षात आलं. आणि दुसरीकडे रसलानने २०१५ मध्ये आपणहून बर्लिन पोलिसांकडे जाऊन सांगितलं की सीरियाचे हेर माझ्या मागावर आहेत, मला संरक्षण द्या, आणि त्यात आपली आधीची नोकरीही सांगून टाकली! त्याला बहुतेक वाटत होतं की आपण बाजू बदलली म्हणजे हिशोब मिटला.

फेब्रुवारी २०१९ ला अटक, एप्रिल २०२० ला, म्हणजे ऐन कोरोनात, खटला सुरू, ८० पेक्षा जास्त साक्षीदार, आणि १३ जानेवारी २०२२ ला जन्मठेप. कमीत कमी ४,००० लोकांचा छळ आणि २७ खून कोर्टाने त्याच्या माथी धरले. त्याने स्वतःच्या हाताने मारलं म्हणून नाही, तो जिथे साहेब होता तिथे हे रोज चालू होतं आणि त्याला माहीत होतं म्हणून. सीरियाच्या सरकारी छळाबद्दल कुठल्याही कोर्टाचा जगातला हा पहिला खटला.

६. त्याच्यासोबत एक साधा कर्मचारी पण होता ना, ज्याने स्वतःच सगळं सांगितलं? त्यालाच शिक्षा, हे अन्यायाचं नाही का?

इयाद अल-गरीब. खालच्या दर्जाचा माणूस, २०११ मध्ये निदर्शनातून पकडलेल्या ३० जणांना बसमधून ब्रँच २५१ ला नेण्यात त्याचा हात होता. हे जर्मन यंत्रणेला कळलं कुठून, तर तो साक्षीदार म्हणून बोलला तेव्हा त्यानेच सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये साडेचार वर्षं. फुटून आला आणि खरं बोलला हे कोर्टाने शिक्षा ठरवताना धरलं, पण सोडलं नाही.

सीरियन लोकांमध्येच यावर दोन तट आहेत. एक म्हणतो की अशाने पुढे कुणी तोंड उघडणार नाही. दुसरा म्हणतो की त्या बसमध्ये बसलेल्यांना विचारा. मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे असं म्हणवत नाही.

७. हजारो किलोमीटरवरच्या गुन्ह्याचे पुरावे आणतात कुठून? घटनास्थळी तर जाताच येत नाही.

खरी मेहनत इथेच आहे. तीन-चार वाटा असतात.

एक, साक्षीदार, म्हणजे त्याच तुरुंगातून सुटून युरोपात आलेले निर्वासित. दोन, कागदपत्रं आणि फोटो. सीरियाच्या लष्करी पोलिसातला एक फोटोग्राफर, टोपणनाव सीझर, मेलेल्या कैद्यांचे फोटो काढायची त्याची ड्युटी होती आणि त्याने ते चोरून बाहेर काढले, ५०,००० च्या वर. ह्यूमन राइट्स वॉचने तपासले तेव्हा त्यात ६,७८६ मृत कैदी दिसले. कोब्लेंझला कोलोनच्या फॉरेन्सिक प्रोफेसरांनी त्या फोटोंवरून साक्ष दिली, अंगावरच्या कुठल्या खुणा उपासमारीच्या, कुठल्या मारहाणीच्या. तीन, 'आतले' लोक. सामूहिक दफनाचं काम करणाऱ्या एका माणसाने नाव उघड न करता साक्ष दिली, ट्रक भरून प्रेतं यायची ते सांगितलं. चार, यूएन. सीरियाच्या पुराव्यांसाठी २०१६ मध्ये जिनेव्हाला वेगळी यंत्रणा उभी केली, ती स्वतः खटला चालवत नाही, फाइली तयार करून देशोदेशीच्या सरकारी वकिलांना देते.

कधीकधी कोर्टच उठून जातं. इराणच्या हमीद नूरीच्या खटल्यात (प्र. १२) स्वीडनचं कोर्ट २०२१ मध्ये साक्षी घ्यायला अल्बेनियाला जाऊन बसलं होतं.

८. आरोपी त्या देशात असायलाच हवा का?

देशागणिक वेगळं आहे. ढोबळ सांगतो.

जर्मनीत तपास कधीही सुरू करता येतो, वॉरंटही निघतं (सीरियाच्या हवाई दलाच्या गुप्तचर विभागाचा प्रमुख जमील हसन याच्यावर २०१८ मध्ये निघालं), पण आरोपी समोर नसताना खटला चालत नाही. फ्रान्समध्ये चालतो, मे २०२४ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने याच जमील हसनसकट तीन बड्या सीरियन अधिकाऱ्यांना गैरहजेरीत जन्मठेप दिली. ती केस मात्र थोडी वेगळी, कारण पीडित बापलेक फ्रेंच नागरिक होते, म्हणजे फ्रान्सचा स्वतःचा संबंध होता.

सगळ्यात शुद्ध उदाहरण हवं असेल तर फ्रँकफर्टचं घ्या. इस्लामिक स्टेटमधला एक इराकी, त्याने फलुजात गुलाम म्हणून ठेवलेल्या पाच वर्षांच्या याझिदी (इराकमधला एक अल्पसंख्य धर्मसमूह) मुलीला कडक उन्हात बांधून ठेवलं आणि ती मेली. आरोपी इराकी, मुलगी इराकी, गुन्हा इराकमध्ये, आणि तो जर्मनीत राहतही नव्हता, ग्रीसमध्ये सापडला, तिथून मागवून घेतला. ३० नोव्हेंबर २०२१ ला जन्मठेप, याझिदींवरच्या अत्याचाराला वंशसंहार म्हणणारा जगातला पहिला निकाल. मुलीची आई कोर्टात साक्षीला उभी होती.

९. राष्ट्राध्यक्ष, मंत्री यांना पकडता येतं का?

पदावर असताना नाही. बेल्जियमने काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावर वॉरंट काढलं होतं, आयसीजेने १४ फेब्रुवारी २००२ ला सांगितलं की राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री हे खुर्चीवर असेपर्यंत दुसऱ्या देशाच्या कोर्टाच्या हाताबाहेर. खुर्ची गेली की ते कवच जातं.

असदचंच बघा. ऑगस्ट २०१३ च्या रासायनिक हल्ल्यांसाठी फ्रान्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्यावर वॉरंट काढलं, तेव्हा तो अजून राष्ट्राध्यक्ष. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टाने ते याच कारणासाठी रद्द केलं, पण सोबत म्हटलं की आता तो पदावर नाही तर नवीन काढू शकता. हेडलाइन वाचून बऱ्याच जणांना वाटलं असद सुटला. तसं नाही.

आणि 'मी सरकारी हुकूम पाळत होतो, म्हणून मलाही कवच' असं खालचे लोक म्हणतात त्याचं काय? जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने २८ जानेवारी २०२१ ला एका अफगाण लेफ्टनंटच्या केसमध्ये सांगितलं की युद्धगुन्ह्यांना ते चालणार नाही.

१०. गुन्हा कायदा व्हायच्या आधीचा असेल तर?

तर घोळ होतो. पिनोशेच्या वेळी ब्रिटनच्या लॉर्ड्सनी (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) शेवटी ठरवलं की ब्रिटनने छळविरोधी करार ८ डिसेंबर १९८८ ला मान्य केला, म्हणून त्याच्या नंतरचाच छळ मोजायचा. पिनोशे सत्तेत आला १९७३ ला. म्हणजे सगळ्यात वाईट वर्षं एका फटक्यात बाहेर.

रवांडाच्या एका माजी महापौराच्या फ्रँकफर्टच्या केसमध्ये हेच उलट्या बाजूने दिसलं. १९९४ मध्ये, म्हणजे रवांडाच्या वंशसंहाराच्या वेळी, जर्मन कायद्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे नव्हते पण वंशसंहार होता, त्यामुळे सरकारी वकिलांना अवघड असलेला वंशसंहारच सिद्ध करावा लागला. केला पण, आधी १४ वर्षं आणि अपिलानंतर २०१५ मध्ये जन्मठेप.

११. एखाद्या मोठ्या देशाने डोळे वटारले तर?

तर बऱ्याचदा शेपूट घातली जाते, स्पष्टच सांगतो. बेल्जियमचा १९९३ चा कायदा जगातला सगळ्यात उदार होता, कुणीही येऊन तक्रार द्यावी. २००१ मध्ये रवांडाच्या चार जणांना त्यात शिक्षा झाली, दोन नन होत्या, सगळ्यांनी कौतुक केलं. मग तक्रारी इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांच्यावर आल्या, थोरल्या बुशवर आल्या, आणि २००३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणाले की नाटोचं मुख्यालय ब्रसेल्समध्ये ठेवायचं का याचा विचार करावा लागेल. त्याच उन्हाळ्यात कायदा गुंडाळला. स्पेनने तिबेटच्या प्रकरणात चीनचे माजी अध्यक्ष जियांग झेमिन यांच्यावर वॉरंट काढलं आणि २०१४ मध्ये कायदाच आखडता घेतला.

जर्मनीने कायदा नाही बदलला, पण तिथे सरकारी वकिलाला अशा केसेस न घेण्याची मुभा आहे, आणि रम्सफेल्डवर इराकच्या अबू घ्रेब तुरुंगातल्या छळावरून ज्या तक्रारी आल्या त्या घेतल्या नाहीत. नाव 'सार्वत्रिक', पण हरलेल्या आणि एकट्या पडलेल्या राजवटींची माणसंच जास्त सापडतात हे खरं आहे.

१२. शिक्षा झाल्यावर सरकारनेच सोडून दिलं असं कधी झालंय?

झालंय. प्र. ७ मधला हमीद नूरी. १९८८ मध्ये इराणच्या तुरुंगांत राजकीय कैद्यांना सरसकट मारलं, त्यात त्याचा भाग होता. २०१९ मध्ये स्टॉकहोमच्या विमानतळावर उतरताच अटक, जुलै २०२२ ला जन्मठेप. आणि १५ जून २०२४ ला स्वीडनने त्याला इराणला परत दिलं, बदल्यात इराणने धरून ठेवलेले दोन स्वीडिश नागरिक सोडवून आणले. तेहरानला त्याचं स्वागत झालं. अडकलेल्यांच्या घरच्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच मागितलं असतं, पण ज्यांनी तीस वर्षांनी उभं राहून साक्ष दिली त्यांना काय वाटलं असेल. शिवाय इतर देशांना धडा मिळाला की आमचा माणूस पकडलात तर तुमचा पर्यटक धरू.

१३. निर्दोष सुटतात का कुणी, की एकदा नाव आलं म्हणजे संपलं? आणि हे सगळं गोऱ्यांनी गरीब देशांवर चालवलेलं नाही का?

दोन प्रश्न आहेत पण कायम जोडूनच येतात. सुटतात. सिएरा लिओनचा एक माजी बंडखोर कमांडर फिनलंडमध्ये राहत होता, लायबेरियातल्या अत्याचारांसाठी खटला झाला, फिनलंडचं कोर्ट लायबेरियापर्यंत जाऊन आलं आणि २०२२ मध्ये त्याला निर्दोष सोडलं, अपिलातही तेच. नेपाळच्या एका कर्नलला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये अटक झाली, माओवादी संघर्षातल्या छळासाठी. एकदा तर चांगला नेपाळी दुभाषी मिळेना म्हणून खटला मध्येच कोलमडला, २०१६ मध्ये एका आरोपातून सुटला आणि दुसऱ्यावर ज्यूरीचं एकमत झालं नाही. भाषेचा प्रश्न किरकोळ वाटतो पण नाही, कोब्लेंझलाही अरबी पत्रकारांना भाषांतर ऐकता यावं म्हणून जर्मनीच्या घटना न्यायालयात जावं लागलं होतं.

दुसऱ्या भागाचं उत्तर: बरंचसं खरं आहे, पण पूर्ण नाही. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याच्यावर खटला चालला सेनेगलमध्ये, आफ्रिकन युनियनच्या मदतीने डाकारला उभारलेल्या खास कोर्टात, ३० मे २०१६ ला जन्मठेप. आणि तो कुणी मोठ्या देशाने नाही घडवला, तुरुंगातून वाचलेल्या चाडच्या लोकांनी आणि त्यांच्या वकील जॅकलिन मुदैना यांनी वर्षानुवर्षं रेटून घडवला. रोहिंग्यांची केस अर्जेंटिनात आहे, २०२१ मध्ये बांगलादेशच्या कॉक्स बझारमधून रोहिंग्या बायकांनी ऑनलाइन जबानी दिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने म्यानमारच्या लष्करप्रमुखासकट अनेकांवर वॉरंट काढली.

१४. भारतात असा खटला होऊ शकतो का?

चाचेगिरीसाठी हो, आणि तो मुंबईतच होतो. १९९९ मध्ये अलोंद्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ लुटलं गेलं, आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने ते अरबी समुद्रात पकडलं, चाचे इंडोनेशियन, आणि खटला मुंबईच्या सेशन्स कोर्टात. २००३ मध्ये शिक्षा झाली, पण तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता, आणि २००५ मध्ये हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं. आता २०२२ चा मेरीटाइम अँटी-पायरसी ॲक्ट आहे. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईला आली आणि पोलिसांच्या ताब्यात दिले ते आठवत असेल. जहाज माल्टाच्या झेंड्याचं, चाचे सोमाली, पकडले खोल समुद्रात, कोर्ट मुंबईचं.

युद्धगुन्ह्यांसाठी कागदावर हो. १९६० चा जिनेव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट भारताबाहेरचे गुन्हेही धरतो, पण तक्रार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करायची, तुम्ही-आम्ही गेलो तर कोर्ट दखलच घेऊ शकत नाही.

वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, छळ यांसाठी नाही. वंशसंहाराचा करार आपण १९५९ मध्ये मान्य केला पण देशात कायदा केला नाही, छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली पण मान्यता दिली नाही, आयसीसीचे सदस्य नाही. बाहेरच्यांचं सोडा, डिसेंबर २०१८ मध्ये १९८४ च्या शीखविरोधी दंगलीच्या केसमध्ये सज्जन कुमारला जन्मठेप देताना दिल्ली हायकोर्टाने लिहिलं की हे दोन्ही गुन्हे आपल्या कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवा. नंतर अख्खी दंडसंहिता बदलून भारतीय न्याय संहिता आली, २०२४ पासून लागू आहे. त्यातही नाहीत.

१५. मग भारतातल्या कुणाविरुद्ध परदेशात तक्रार होऊ शकते?

तक्रार कुणीही कुणाविरुद्ध देऊ शकतं. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या एका लॉ फर्मने काश्मीरवरून भारताचे लष्करप्रमुख आणि गृहमंत्री यांच्याविरुद्ध तिथल्या पोलिसांकडे अर्ज दिला, लगेच व्हॉट्सॲपवर 'अटक होणार' म्हणून फिरलं. अर्ज देणं आणि वॉरंट निघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये खाजगी माणूस थेट मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट मिळवू शकायचा, २००५ मध्ये एक इस्रायली जनरल हीथ्रोला उतरलाच नाही, वॉरंटची कुणकुण लागली म्हणून त्याच विमानाने परत गेला. २०११ पासून अशा गुन्ह्यांत मुख्य सरकारी वकिलाची संमती लागते. पदाच्या कवचाबद्दल प्र. ९.

१६. मी जर्मनीत राहते, माझ्या ओळखीच्या निर्वासित बाईला तिचा छळ करणारा माणूस इथेच दिसला. काय करू?

फेसबुकवर फोटो टाकू नका, हे पहिलं. तो सावध होऊन निघून जाईल, किंवा माणूस भलताच निघेल. दुसरं, तुम्ही स्वतः तिची सविस्तर जबानी रेकॉर्ड करत बसू नका, चांगल्या मनाने केलं तरी. चार जणांना चार वेळा सांगितलेल्या गोष्टीत तारखा इकडच्या तिकडे होतात आणि बचावाचा वकील नेमका तोच फरक धरून बसतो. तिला कुठे, कधी दिसला एवढं तिच्याच भाषेत लिहून ठेवायला सांगा. मग पोलिसांकडे, फेडरल पोलिसांचं म्हणजे बीकेएचं युद्धगुन्ह्यांसाठी वेगळं युनिट आहे, किंवा आधी या विषयातल्या वकिलाकडे. खटला झाला तर तिला नुसती साक्षीदार नाही तर सहफिर्यादी म्हणूनही उभं राहता येतं, स्वतःच्या वकिलासकट, आणि गावाकडे घरच्यांना धोका असेल तर नाव गुप्त ठेवायची मागणी सुरुवातीलाच करायची, जबानी झाल्यावर नाही.